स्टॅटिन घेणारा रुग्ण आणि आपले कर्तव्य

"डॉक्टरसाहेब, ती कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून पाय भरून येतात, त्यापेक्षा तुमचंच काही औषध द्या." अहिल्यानगर जिल्ह्यातील चिकित्सालयांत हे वाक्य आता वरचेवर ऐकू येते. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले, तेव्हापासून या जिल्ह्याचा वैद्यावर विश्वास आहे. रुग्णाची ही मागणी त्याच विश्वासातून येते. म्हणूनच तिला उत्तर देताना सावध असावे.

काही वर्षांपूर्वी नेवासे तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनमुळे पोटऱ्या दुखतात, अशी त्यांची तक्रार होती. गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती आणि ते ऐकून आम्हांस समाधानच वाटले. आम्ही गुग्गुळकल्प दिला, दुखणे गेले. ती गोळी मुळात का सुरू झाली, हे मात्र आम्ही विचारले नाही. सात-आठ महिन्यांनी छातीत दुखू लागल्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा त्यांची पूर्वी अँजिओप्लास्टी झाल्याचे आम्हांस कळले. सुदैवाने ते बरे झाले. गोळी सोडल्यानेच हे घडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमच्या प्रश्नपरीक्षेत उणीव राहिली, हे नाकारता येत नाही.

स्टॅटिन केवळ तपासणीतील आकडा कमी करते, हा समज अपुरा आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासात ४,४४४ हृद्रोग्यांपैकी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

मग अंगदुखीचे काय? लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या २०२० सालच्या प्रयोगात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटूनपालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषधहीन गोळी दिली व काही महिने काहीच दिले नाही. त्रासाची सरासरी गोळीविना ८, स्टॅटिनवर १६.३, तर औषधहीन गोळीवर १५.४ भरली. दुखणे खरे होते. परंतु त्याचे बहुतांश मूळ गोळीच्या धास्तीत होते. शरीर व मन परस्परांस व्यथित करतात, हे आपल्या शास्त्रास नवे नाही. पुढे त्यांतील निम्म्या रुग्णांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

गुग्गुळाविषयीही प्रामाणिक असले पाहिजे. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात केलेले संशोधन आपणांस भूषणावह आहे. तथापि २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. गुग्गुलिपिडमुळे डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांची रक्तातील मात्रा घटते, असेही १९९४ साली आढळले. अनेक हृद्रोगी याच गोळ्या घेत असतात. आमवातादी व्याधींत गुग्गुळाचे स्थान अबाधित आहे. स्टॅटिनचा पर्याय म्हणून तो देणे मात्र उचित नव्हे.

म्हणून गोळी कोणी व का सुरू केली, हे प्रथम विचारावे. थायरॉईडची तपासणी करून घ्यावी; थायरॉईडच्या मंदतेत कोलेस्टेरॉल आणि अंगदुखी दोन्ही वाढतात. तीव्र अशक्तपणा व चहासारखी गडद लघवी दिसल्यास गोळी थांबवून रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. असा स्नायुनाश विरळा, परंतु घातक असतो. एरवी मात्रा किंवा औषध बदलण्याविषयी संबंधित डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी. औषधविक्रेत्या बंधूंनी एकच स्टॅटिन दोन नावांनी घेतले जात नाही ना, हे पाहावे. नेहमीचा ग्राहक गोळ्या नेईनासा झाला, तर आपुलकीने चौकशी करावी.

पथ्य, व्यायाम व निदानपरिवर्जन ही आपली क्षेत्रे स्टॅटिनसोबतही मोकळीच आहेत. त्या शिक्षकांना आज आम्ही आहारविहार सांगतो. गोळी त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. दोघांच्या चिठ्ठ्या त्यांच्या एकाच वहीत असतात.