बाळाच्या दृष्टीची घडण : जन्मापूर्वी आणि जन्मानंतर

तान्हे बाळ डोळे उघडून टकमक पाहू लागले, की घरातील वडीलधारी मंडळी "आईला ओळखतंय बरं का" असे कौतुकाने म्हणतात. प्रत्यक्षात बाळाला त्या वेळी दिसतो तो हातभर अंतरावरील चेहऱ्याचा पुसट आकार. डोळ्याच्या आतील पडद्याचे, म्हणजेच दृष्टिपटलाचे काम जन्मवेळी पुरे झालेलेच नसते.

दृष्टिपटल हा वास्तविक मेंदूचाच विस्तार होय. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात, ज्या नळीपासून पुढे मेंदू घडतो तिच्या दोन्ही बाजूंना लहान फुगवटे येतात. लवकरच ते वाटीसारखे आत दबतात आणि या वाटीच्या आतल्या थरातून दृष्टिपटल तयार होते. त्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. अंधुक उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंडाकार पेशी प्रौढ माणसाच्या एका डोळ्यात ९ ते १२ कोटी, तर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंक्वाकार पेशी अवघ्या ५०-६० लाख. तरीही पहिला मान शंक्वाकार पेशींचाच. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या दृष्टिपटलाच्या मध्याजवळ प्रथम दिसू लागतात. दंडाकार पेशी मागाहून येतात आणि काम मध्याकडून कडांकडे सरकत जाते.

गंमत अशी, की ज्या मध्यभागापासून आरंभ होतो तोच सर्वांत शेवटी पुरा होतो. वाचताना किंवा सुईत दोरा ओवताना आपण वापरतो तो हाच भाग. तेथे सहाव्या-सातव्या महिन्यात एक खळगा पडू लागतो. परंतु जन्मवेळी त्यातील शंक्वाकार पेशी आखूड व जाड असतात. प्रकाश शोषणारे त्यांचे टोक नुसते खुंटासारखे असते. जन्मानंतर त्या बारीक व उंच होत जातात आणि कणसात दाणे भरावेत तशा मध्याकडे दाटीने गोळा होतात. हे काम चौथ्या वर्षापर्यंत, किंबहुना त्यानंतरही चालू राहते.

या पेशींतील प्रकाशग्राही द्रव्य बनण्यास 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले, की प्रथम दंडाकार पेशींचे काम मंदावून रातांधळेपणा येतो. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे डोस देतात ते याचसाठी.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट मात्र अधिक नाजूक आहे. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या चौथ्या महिन्यापासून कडांकडे वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास तेथे पोहोचतात. बाळ लवकर जन्मले, की त्या वाटेतच थबकतात. जीव वाचविण्यासाठी दिलेला प्राणवायू प्रमाणाबाहेर गेल्यास वाढ आणखी खुंटते. इकडे प्रकाशग्राही पेशी परिपक्व होत असतात आणि त्यांची प्राणवायूची गरज वाढत जाते. ही उपासमार भागविण्यासाठी मग वेड्यावाकड्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि पुढे त्यांच्या ओढीने दृष्टिपटल सुटूही शकते. या काळात डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो, आणि घात होतो तो इथेच.

म्हणून ३४ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हावी, असा भारतातील तज्ज्ञांचा दंडक आहे. २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळासाठी ही मुदत दोन ते तीन आठवडेच. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि नेत्रतज्ज्ञ आतील पडदा पाहतात. दोष गंभीर आढळल्यास लेसर किरणांनी अथवा डोळ्यात इंजेक्शन देऊन उपचार करतात, आणि तेही दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे.

बाळाचे वजन भरू लागले, ते दूध नीट ओढू लागले, म्हणून तपासणी पुढे ढकलता येत नाही. रुग्णालयातून घरी केव्हाही सोडलेले असो, दिवस मोजावयाचे ते जन्मतारखेपासून.