साठीनंतरचं धावणं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साताऱ्यात पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटाकडे निघालं, की पांढऱ्या केसांची बरीच मंडळी भेटतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी शाळेतून, कुणी अजून दुकान सांभाळणारं. आमचाही असाच एक गट आहे. घरी परतल्यावर प्रत्येकाने त्या दिवसाची नोंद मोबाइलवरच्या गटात टाकायची, असा आमचा रिवाज : ‘५ किमी. चढावर चाललो. झोप बरी. डावी पोटरी धरलीये.’ खाली लगेच कुणीतरी लिहितं, ‘काका, उद्या सुट्टी घ्या.’ यायची इच्छा असूनही बरेच जण उंबऱ्याशीच थबकतात, ते ऐकीव गोष्टींमुळे. म्हणून त्या एकेक करून तपासूया.

गैरसमज : धावल्याने गुडघे झिजतात.
वस्तुस्थिती : सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे बेताची हालचाल ही तिची गरजच आहे. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण त्यात हौशी धावपटूंमध्ये सुमारे ३.५ टक्के आढळलं, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के. धावल्याने गुडघे बरे होतात, असा याचा अर्थ नाही. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं आधीच सोडतात, हेही लक्षात घ्यायला हवं. पण बेतानं धावणाऱ्याने झिजेची धास्ती घ्यावी, असं या आकड्यांत काही नाही. गुडघ्याला सूज असेल किंवा जिना उतरताना कळ येत असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

गैरसमज : आता सुरुवात करायचं वय राहिलं नाही.
वस्तुस्थिती : पंजाबात जन्मलेले फौजा सिंग पहिली मॅरेथॉन धावले ती २००० साली लंडनमध्ये, पासपोर्टवरच्या जन्मतारखेनुसार वयाच्या ८९ व्या वर्षी. त्यांच्याशी कुणी स्वतःची तुलना करू नये, पण स्नायूंची शिकण्याची ताकद आपल्या सगळ्यांत असते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तेव्हा साठीला उशीर झाला, असं म्हणायला जागा नाही. फक्त पहिले दोन-तीन महिने भरभर चालण्यातच घालवा.

गैरसमज : मध्ये चाललं तर ते धावणं मोजायचं नाही.
वस्तुस्थिती : १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी त्याच दशकात ‘थोडं धावा, थोडं चाला’ ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. एक मिनिट धावून दोन मिनिटं चालणं, ही उत्तम सुरुवात आहे. धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं, की चालायला लागा.

गैरसमज : रोज दमेपर्यंत पळलं तरच उपयोग.
वस्तुस्थिती : वयाबरोबर शरीर भरून यायला जास्त वेळ घेतं. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावले. त्यांचा रोजचा सराव मात्र घराजवळच्या दफनभूमीत, संथ लयीत, तासन् तास चालायचा. आपल्याला तेवढे तास नकोत, ती संथ लय घ्यावी. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते आणि ६५ वर्षांपुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, इथून घरीच सुरुवात करता येते.

गैरसमज : या वयात धावणं म्हणजे हृदयविकाराला आमंत्रण.
वस्तुस्थिती : अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांची नोंद तपासली गेली. हृदय अचानक बंद पडण्याच्या घटना ५९ होत्या. धोका फार कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून साठीनंतर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्याच. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांतलं काहीही जाणवलं, तर त्याच जागी थांबा आणि सोबत्याला सांगा.

गैरसमज : रोजची नोंद गटात टाकणं म्हणजे मिरवणं.
वस्तुस्थिती : नोंदीत फक्त किलोमीटर असतील, तर स्पर्धा सुरू होते, हे खरं. म्हणून आम्ही झोप, दुखणं आणि विश्रांतीही लिहितो. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी सलग तीन दिवस लिहिलं : ‘उठल्यावर पहिली पावलं टाकताना उजवी टाच दुखते, मग बरी होते.’ त्यांना ते किरकोळ वाटत होतं. गटातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तीन नोंदी एकत्र वाचल्या आणि तळव्याचा स्नायुबंध दुखावल्याची शंका घेऊन त्यांना बोलावलं. दुखणं वेळेत कळलं आणि दीड महिन्याच्या विश्रांतीवर भागलं. स्वतःचं दुखणं माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो. लिहिलेलं असलं, की दुसऱ्याला तरी दिसतं.

गेल्या वर्षी गटातल्या एका काकांच्या पत्नी आजारी पडल्या. चाळीसेक दिवस त्यांची नोंद एकच असायची : ‘आज शून्य.’ त्या शून्याखालीही रोज चार-पाच जण लिहायचे, ‘काकू कशा आहेत? डबा पाठवू का?’ मग एका सकाळी ते घाटाच्या पायथ्याशी आले. दोन किलोमीटर चालले, त्यातलं जेमतेम दोनशे मीटर धावले. त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी लिहिलं : ‘२ किमी. काकू उठून बसल्या.’