छाती धडधडते ती कशासाठी?

आमच्या वस्तीत विहारामागच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात तिथली बारावी झालेली एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीहून परतली, ती चप्पलही न काढता पायरीवर बसून राहिली. उत्तरे तोंडपाठ होती. पण आत पाऊल टाकताच छाती धडधडू लागली, तळहातांना घाम सुटला आणि "आता आपलं काही खरं नाही" असे मनात आल्याबरोबर जीभच हलेना. तिचे वडील मार्केटात हमाली करतात. ते म्हणाले, "अगं, किती वेळा सांगितलं, घाबरायचं नाही, शांत राहायचं!"

आपण सारेच मुलांना हे सांगतो. आम्हीही सांगत आलो. पण धडधडणारी छाती कुणाचा हुकूम ऐकत नाही. उलट "मला शांत होता येत नाही" ही दुसरी काळजी पोराच्या मागे लागते.

मुळात ही धडधड येते कुठून? अवघड काम समोर आले की शरीरात अ‍ॅड्रेनलिन नावाचा स्राव सुटतो. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, स्नायूंना जादा रक्त पोहोचते. कबड्डीत चढाईला निघालेल्या पोराचेही हेच होते. तिथे आपण त्याला जोश म्हणतो. मुलाखतीच्या दारात त्याच धडधडीला भीती म्हणतो.

नाव बदलले तर काही फरक पडतो का? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी यावरचे प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध केले. कुणाला लोकांसमोर गायला लावले, कुणाला भाषण करायला. भाषणाआधी "मी उत्साहात आहे" असे मोठ्याने म्हणणारे, "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले बोलले. गाणाऱ्यांतही "मी उत्साहात आहे" म्हणणारे सरस ठरले, आणि गंमत अशी की त्यांची धडधड काही थांबली नव्हती. त्याआधी २०१० साली जेरेमी जेमिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले होते, की परीक्षेतली धडधड गुण घटवत नाही, मदतही करू शकते. त्यांना सराव परीक्षेत आणि पुढे खऱ्या परीक्षेतही गणितात जास्त गुण पडले. अभ्यास केलेला असेल तरच हे चालते, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही हे त्या मुलीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, "पण काका, त्यांनी आडनाव विचारलं, आणि मग एकमेकांकडे पाहिलं."

इथे आम्ही गप्प झालो. कारण ही गोष्ट निराळी आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील एका गावात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. ३२१ मुले सवर्ण, ३२१ दलित. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हींची कामगिरी जवळपास सारखीच होती. सर्वांदेखत नाव, गाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुले मागे पडली. पोरे तशीच, कोडी तशीच. बदलले होते ते खोलीतले वातावरण.

तेव्हा त्या मुलाला "तू तुझे विचार बदल" एवढेच सांगणे हा अन्याय होईल. धडधडीला जोश म्हणावे, पण अपमानाला अपमानच म्हणावे. तो मनात गिळून "माझ्यातच काही कमी आहे" असे मानू नये. घरी येऊन सांगावे, चार जाणत्यांना सांगावे, तक्रारीची जागा असेल तिथे लेखी द्यावे. त्या मुलीने तारीख-वार वहीत लिहून ठेवला आहे.

आता दर रविवारी त्या खोलीत तीन खुर्च्या मांडतो. मधल्या खुर्चीवर तिचे वडील बसतात, मुद्दाम कपाळाला आठ्या घालून. मुलगी दाराबाहेर उभी राहून पुटपुटते, "अंग तयारीला लागलंय." मग आत येते. वडील खाकरून विचारतात, "पूर्ण नाव?" पहिल्या रविवारी तिचा आवाज आम्हालाही नीट ऐकू आला नव्हता. परवा मात्र तो बाहेर नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनीही ऐकला.