राइस प्लेट एकच!

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गोंदियाच्या न्यायालयात आमच्या एका पक्षकार बाईंची तारीख होती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून त्या पहाटेच निघालेल्या. सकाळी पुकारा झाला नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रकरण निघाले आणि पुढची तारीख पडली. दुपारचे साडेतीन वाजले होते. आम्ही सहज विचारले, "मावशी, जेवण झालं का?" त्या म्हणाल्या, "नाई जी वकील साहेब. एकटी बाईमाणूस, हॉटेलात कसी जाऊ? लोक काय म्हनतीन?" सकाळपासून पोटात एक बिस्किटाचा पुडा. पदराच्या गाठीला पैसे होते, रस्त्यावर भोजनालये होती, भूकही होती. नव्हता तो आत शिरून खुर्ची ओढण्याचा धीर.

गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. बालाघाटची गाडी इथे येते, बल्लारशाची इथून सुटते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाल्यापासून देवरी, सालेकसा, सडक अर्जुनीच्या माणसाचे प्रत्येक काम या शहराशी बांधले गेले. जातीचे प्रमाणपत्र, परीक्षा, दवाखाना, तारीख. दिवस मोडतो आणि दुपार उपाशी जाते. बसस्थानकावर भिंतीकडे तोंड करून शिळी पोळी खाणारी आमची किती माणसे आम्ही पाहिली आहेत! डबा आणण्यात कमीपणा मुळीच नाही. पण खिशात पैसे असून, डबा नसून जो उपाशी राहतो, त्याच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

याला केवळ लाजाळूपणा म्हणून सोडून देता येईल काय? आमच्या आजोबांच्या पिढीला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. ती बाहेर भिंतीच्या कोनाड्यात असायची. आपणच काढायची, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, आपणच धुऊन ठेवायची. ज्या घरात दोन पिढ्या हॉटेलच्या पायरीखाली बसल्या, त्या घरातल्या नातवाचा पाय पायरीवर अडखळतो, यात नवल ते काय?

तो आमचाही अडखळला आहे. सनद हाती पडून दोन-तीन वर्षे झाली असतील. कामानिमित्त एका परक्या शहरात गेलो होतो. स्टेशनजवळच्या एका भोजनालयात एकटेच बसलो. गल्ल्यावरच्या मालकाने गोड आवाजात विचारले, "कुठले पाहुणे? आडनाव काय?" आम्ही गावाचे नाव सांगितले, स्वतःचे नाव सांगितले आणि आडनाव गिळले. जेवण आले, पण घास उतरेना. पुढे कित्येक वर्षे परगावी गेलो की पार्सल घ्यायचे आणि लॉजच्या खोलीत, खाटेवर वर्तमानपत्र पसरून जेवायचे, असा आमचा शिरस्ता होता. लोकांना आम्ही सांगायचो, गर्दीत जेवायला आवडत नाही!

१९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी गेलेल्या बाबासाहेबांना कुठे आसरा मिळेना, तेव्हा पारशी धर्मशाळेच्या वहीत त्यांना पारशी नाव लिहावे लागले होते. त्या ओसाड इमारतीत ते एकटेच राहणारे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला माणूस! त्याआधी लहानपणी कोरेगावच्या बैलगाडीच्या प्रवासात भावंडांबरोबर जेवण भरपूर होते, पण पाणी द्यायला कोणी तयार नव्हते. पोरे उपाशी झोपली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण त्यांच्या पाठीशी तेव्हा कायदा नव्हता. आमच्या पाठीशी तो होता, तोंडपाठ होता, आणि तरीही आम्ही आडनाव गिळले. हा फरक आम्हाला आजही टोचतो.

कोणता कायदा? संविधानाच्या अनुच्छेद १५ चा दुसरा खंड. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा धोबी आणि न्हावी यांच्या दुकानांचे काय, असा प्रश्न आला. 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, असा बाबासाहेबांचा खुलासा आहे. पुढे १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याचे कलम ४ नुसत्या प्रवेशावर थांबत नाही. उपाहारगृहातली भांडी वापरण्याचा हक्कही ते सांगते. कोनाड्यातली कपबशी कायदा करणाऱ्यांना नीट ठाऊक होती! शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने आणि दंड. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यातही ही भांडी आली आहेत. आणि अनुच्छेद १५ मधला 'लिंग' हा शब्द आमच्या मावशींसाठी आहे. एकट्या बाईला पडद्याआडच्या 'फॅमिली रूम'मध्येच बसले पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. पंखा जिथे आहे तिथे तिने बसावे.

अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्याच दुकानात त्यांना वस्तू विकत मिळत होत्या, मनाई होती ती बसून खाण्याला. त्यांना १९६४ पर्यंत कायद्याची वाट पाहावी लागली. आपल्याकडे तो १९५० पासून आहे. मग पार्सल घेऊन खोलीत पळणारे आम्ही कोण?

आता आम्ही पळत नाही. सवय करावी लागली. एकच्या गर्दीआधी, बारा-साडेबाराला जातो. पिशवी पायांत ठेवतो, दर आधी विचारतो, भात वाढून मिळतो का तेही विचारतो. धानाच्या जिल्ह्यात राहून भाताला लाजायचे कशाला? वेटर विचारतो, "कितने लोग?" आम्ही सांगतो, "राइस प्लेट एकच!" समोरच्या खुर्चीवर कोणी अनोळखी येऊन बसतो, लोणच्याची बरणी इकडे सरकवतो, आम्ही पाण्याचा जग तिकडे सरकवतो. आडनाव कोणी विचारले तर सांगतो. बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. मोठ्या शहराचे हे एक बरे आहे.

पुढच्या तारखेला मावशींना आम्ही सोबत नेले. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदर दोनदा सावरला, पहिला भात मान खाली घालून संपवला. मग हळूच मान वर करून वेटरला म्हणाल्या, "भात आन जी अजून." पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

प्रकरण अजून चालू आहे. पुढच्या तारखेला आम्हाला नागपूर खंडपीठात हजर राहायचे आहे, गोंदियाला आमचे कनिष्ठ सहकारी उभे राहतील. मावशी एकट्याच येणार आहेत. डबा आणणार नाही, असे त्यांनी कळवले आहे.