तारेविना पूल

मुलांनो, कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाताना पंचगंगेवरचा पूल लागतो. तो नदीचे दोन काठ जोडतो. पण दगड नाही, सिमेंट नाही, साधी तारसुद्धा नाही, असा पूल तुम्ही पाहिलाय का? पाहणार कसा? तो दिसतच नाही! आमच्या घरात तसा एक पूल आहे आणि तो बांधला माझ्या पुतणीनं.

गोष्ट 2020 सालची. शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. आमचं घर पेठेतलं, जुनं. पुढं सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी परड्याकडची खोली. भिंती चांगल्या दीड-दोन फूट जाडीच्या. इंटरनेटची तार सोप्यात येते, म्हणून राऊटरही तिथंच. सोप्यात बसून मी माझ्या चौथीच्या वर्गाला शिकवायची. सातवीतली पुतणीही तिथंच बसायची. मग माझे पाढे तिच्या तासात आणि तिचं विज्ञान माझ्या तासात! बिचारी मागच्या खोलीत गेली, की पडद्यावरचे सर जागीच गोठायचे आणि गणिताची नेमकी महत्त्वाची पायरी गळायची.

असं का व्हायचं? राऊटर रेडिओलहरी सोडतो. वाय-फायच्या एका पट्ट्यातल्या लहरी सेकंदाला सुमारे 240 कोटी वेळा कंप पावतात. त्याला 2.4 गिगाहर्ट्झ म्हणतात. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर सहाच सेंटिमीटरची. ती वेगवान, पण भिंतीपुढं लवकर दमते. प्रत्येक भिंत लहरीची थोडी थोडी शक्ती शोषून घेते. आमच्याकडे तर तीन भिंती!

पुतणीनं माळ्यावरून जुना राऊटर काढला आणि मागच्या खोलीत ठेवला. दिवे लागले, पण उपयोग शून्य. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “काकू, ह्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. हा मला काय सांगणार?”

अगदी बरोबर! तुम्ही कानगोष्टी खेळता ना? मधल्या गड्याला नीट ऐकू आलं, तरच तो पुढं नीट सांगेल. पुतणीनं राऊटर उचलून माजघराच्या दाराशी, उंच फळीवर ठेवला. तिथं पहिल्याचा आवाज चांगला पोचत होता. आता राहिली दोघांची ओळख करून देणं. ती अशी करतात :

1. दुसरा राऊटर केबलनं संगणकाला जोडून त्याचं सेटिंगचं पान उघडायचं. त्याचा पत्ता राऊटरच्या मागच्या चिठ्ठीवर असतो. बहुधा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1. दोन्ही राऊटरचा पत्ता एकच असेल, तर गोंधळ होणार. म्हणून दुसऱ्याचा बदलायचा. पहिला 192.168.1.1 असेल, तर दुसरा 192.168.1.2.

2. दोघांचा चॅनल एकच ठेवायचा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये 1, 6 आणि 11 हे चॅनल एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

3. दुसऱ्या राऊटरमध्ये ‘डब्ल्यूडीएस’ ही सोय चालू करायची, यादीतून पहिल्याचं नाव निवडायचं आणि त्याचा पासवर्ड अक्षर न चुकता भरायचा.

4. दुसऱ्यातलं ‘डीएचसीपी’ बंद करायचं. घरातल्या प्रत्येक मोबाइलला क्रमांक वाटण्याचं हे काम असतं. वाटणारे दोघं झाले, की एकच क्रमांक दोघांना जायचा!

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राऊटर असले, तर कधी कधी त्यांचं जमत नाही, बरं का! शिवाय मधला गडी एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही. आळीपाळीनं करतो. त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. पण सरांचं गणित पुरतं ऐकायला निम्मा वेग पुष्कळ झाला.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. मुंबईच्या आयआयटीचा ‘ग्राम मार्ग’ नावाचा प्रकल्प आहे. पालघर जिल्ह्यात डोंगर आणि झाडी. प्रत्येक गावापर्यंत तार ओढणं अवघड आणि खर्चाचं. म्हणून जिथवर तार पोचली, तिथून पुढं बिनतारी दुवे टाकून गावं जोडली. त्यासाठी टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागाही वापरून पाहिल्या. त्या लहरी वाय-फायपेक्षा लांब असतात, त्यामुळे झाडीतून अधिक दूर जातात. 2017 मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं.

पण एक लक्षात ठेवा. पूल कितीही पक्का असला, तरी अलीकडच्या काठापर्यंत रस्ता यावा लागतो. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी तेव्हा नेटच नव्हतं. आमचा पूल झाल्यावर लहरी थेट परड्यातल्या कट्ट्यापर्यंत जाऊ लागल्या. निर्बंध सैल झाल्यावर मागच्या गल्लीतली दोन मुलं, आईचा मोबाइल घेऊन, अंतर ठेवून तिथं बसू लागली. हजेरी घेताना दोघांचा ‘हजर बाई!’ मला मोबाइलमधूनही ऐकू यायचा आणि परड्यातूनही!

आता तुम्ही एक करून पाहा. घराचा साधा नकाशा काढा. मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीत जा आणि वाय-फायच्या किती रेघा दिसतात, ते नकाशात लिहा. रेघा कुठं कमी होतात? मध्ये कोणती भिंत आहे? पाण्याची टाकी की लोखंडी कपाट? मधला गडी कुठं उभा करायचा, ते नकाशाच सांगेल. सेटिंग मात्र घरातल्या मोठ्यांना विचारूनच बदला, आणि शेजाऱ्यांच्या राऊटरला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका!