एकच बाटली

सावनेरचे नाव काढले की बाहेरगावची माणसे दोनच गोष्टी विचारतात. एक, संत्री स्वस्त आहेत का? आणि दुसरी, गडकरी कुठे वारले? संत्र्यांचे उत्तर हंगामावर असते. गडकऱ्यांचे उत्तर मात्र पक्के आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या सावनेरात वारले. वय अवघे ३३. नवसारीला जन्मलेला, पुण्या-मुंबईत गाजलेला हा माणूस अखेरच्या आजारपणात नागपूरपासून दहा-बारा कोसांवरच्या या कापूस-संत्र्यांच्या गावी होता. ‘भावबंधन’चा शेवट त्यांनी इथेच, अगदी अखेरच्या घटकांत, पुरा केला असे सांगतात. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. ‘एकच प्याला’ लिहून तयार होते, पण ते रंगभूमीवर आलेले काही त्यांना दिसले नाही. ते गेल्यावर २८ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला.

दारूवरचे मराठीतले सर्वांत गाजलेले नाटक लिहिणारा ज्या गावात गेला, त्या गावातल्या एका बऱ्यापैकी सोवळ्या घरात मी वाढले. त्यामुळे आमच्याकडे दारूचा विषय निघाला की तो वाङ्मयातूनच निघायचा. वडील कोणाला ‘दारुडा’ म्हणत नसत, ‘तळीराम’ म्हणत. गावातल्या एका बड्या माणसाच्या ओसरीवर रोज संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना त्यांनी ‘आर्यमदिरामंडळ’ असे नाव ठेवले होते. आम्हां पोरांना ते नाव एखाद्या भजनी मंडळासारखे वाटे.

पण दिवाळीची गोष्ट सांगायची तर सुरुवात अनारशांपासून करावी लागेल. आमच्या घरात दिवाळी वसुबारसेला सुरू होत नसे, ती तांदूळ भिजत घातल्या दिवशी सुरू होई. जुने तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचे. तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचे झाकण काढले की आंबूस वास सगळ्या माजघरात फिरे. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून सावलीत, धुतलेल्या धोतरावर पसरायचे. पार वाळू द्यायचे नाहीत, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, बरोबरीने गूळ घालून गोळे करायचे आणि डब्यात घालून चार-पाच दिवस विसरून जायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे, खसखशीची बाजू वर. उलटायचे नाहीत. झाऱ्याने कडेकडेचे तूप वर उडवायचे. जाळी पडली तर जिंकलात. पीठ बिघडले तर अनारसा तुपात विरघळून पसरतो. त्याला आमच्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. करणारीच्या तोंडावर तेव्हा काय असते ते विचारू नका!

अनारसे करावेत तर आमच्या आत्याने. तिचे अनारसे हसल्याचे मी पाहिले नाही. ती स्वतःही फारशी हसत नसे.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. वऱ्हाडात दिली होती. नवरा सरकारी नोकरीत, घरचे बरे, अक्षर तर छापल्यासारखे. मारझोड, आरडाओरड असले काही नव्हते. तो फक्त घरी येत नसे. पगाराच्या दिवशी येत नसे, मग सणाच्या दिवशी येईनासा झाला. एका पाडव्याला आत्या ओवाळणीचे ताट घेऊन रात्रभर उंबऱ्याशी बसली, निरांजनातले तूप संपले की पुन्हा घालत राहिली, असे आई आम्हांला पुढे सांगे. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. वडील एस.टी.ने गेले. ओवाळून घेतले, आणि ताटात ओवाळणी घालण्याऐवजी म्हणाले, ‘चल.’ ती एक लोखंडी ट्रंक आणि दोन पोरे घेऊन निघाली.

ज्यांनी ‘एकच प्याला’ पाहिले वा वाचले आहे, त्यांना इथे सिंधू आठवेल. सिंधूचा भाऊ पद्माकर गिरणीवाला, पैशाने गडगंज. तिला घेऊन जायला तयार. पण ती जात नाही. भावाच्या पैशाला हात लावायचा नाही म्हणून जात्यावर दळण दळते आणि नवऱ्याच्या पायाशी मरते. सिंधू झाल्या होत्या बालगंधर्व. नाटकातली पदे वि. सी. गुर्जरांची, हे पुष्कळांना माहीत नसते. हे तेच गुर्जर, ज्यांच्या गोष्टी ‘मासिक मनोरंजन’मधून घरोघर वाचल्या जात. त्याच ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. म्हणजे तुम्ही आज हातात धरलेल्या अंकाचेही सिंधूच्या गाण्यांशी दूरचे नाते लागते.

आमच्याकडे चावीचा फोनो होता. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली आणि पुढे आमच्याकडेही रेडिओ आला, तरी दिवाळीच्या दुपारी फोनोच बाहेर निघे. शेजारच्या बायका करंज्या मुरडायला आमच्या माजघरात जमत आणि वडील ओसरीवर तबकडी लावत. मिनिटाला ७८ फेरे, तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपली. सिंधूचे पद सुरू झाले की करंज्या मुरडणारे हात थांबत, पदर डोळ्यांना लागत. सूर होताच तसा. आजही कुठे ऐकला तर मी उभी राहते.

आत्या त्या वेळी चुलीपुढे. पाठ आमच्याकडे. एका दिवाळीत ती मान न वळवता मोठ्याने म्हणाली, ‘दादा, ती तबकडी उलटी लाव. ही बाई फारच सुरात रडून राहिली. मला रडायला वेळ नाही, तूप तापलंय.’

माजघर चिडीचूप झाले. वडिलांनी सुई उचलली. पुढे दिवाळीत त्यांनी ते पद कधी लावले नाही.

मी मोठी झाल्यावर नाटक वाचले, पुन्हा वाचले. गडकऱ्यांची भाषा अचाट आहे यात वादच नाही. सुधाकराची घसरण त्यांनी ज्या बारकाईने दाखवली तशी पुढे क्वचितच कोणाला जमली असेल. पण माझे मत विचाराल तर नाटकातली शहाणी बाई सिंधू नाही. तळीरामाची बायको गीता आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावते, म्हणून लोक तिला हसतात आणि सिंधूसाठी रडतात. आमच्या आत्यालाही गल्लीत ‘फटकळ’ म्हणत. अनारशांच्या मागण्या मात्र तिच्याकडेच येत. आधी शेरावर, मग किलोवर. त्या पैशांवर तिची दोन्ही मुले शिकली.

एवढे सोसूनही तिला दारू या वस्तूचा राग नव्हता, हे सांगितले तर पटणार नाही. पाडव्याला आमच्या भागात गायगोधन असते. गोवारी मंडळी गाई रंगवून, सजवून आणतात, ढालीची पूजा होते, बासरी-डफाच्या तालावर नाच गावभर फिरतो. तो आमच्या दारीही येई. काही जणांच्या पोटात मोहाची असे, वासावरून कळे. चैत्राच्या सुमाराला पहाटे झाडाखाली टपटपणारी ती गोड, मांसल फुले वाळवून त्यांची गाळतात. पण तीच फुले भाकरीतही जातात, आणि रानाकडच्या घरांत नडीच्या दिवसांत तेच अन्न. आई नाक मुरडून आत जाई. आत्या बाहेर येऊन प्रत्येकाच्या हातावर अनारसा ठेवी. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘हे चौकात पिऊन येतात, देवाला आधी देऊन पितात. ज्याचं पिणं घरात कोणालाच माहीत नसतं, त्याला भ्यावं.’

यात सगळे खरे आहे असे मी म्हणत नाही. चौकात पिणाऱ्याच्या घरीही चूल विझतेच. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत आल्या, त्या काही हौसेने आल्या नव्हत्या. २०१५ साली त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ साली ती उठली. शेजारच्या वर्ध्यात गांधी-विनोबांच्या पुण्याईने अजून बंदी आहे. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तर १९३८ सालीच दारूबंदीचा कायदा झाला होता. कायदे आले, गेले. आत्याच्या उंबऱ्यावर कोणता कायदा कधी पोचला, हे तिला विचारायचे राहून गेले.

हे सारे आज लिहायला बसण्याचे कारण गेल्या दिवाळीत आमच्या घरी आलेली एक बाटली.

माझे सासर नागपूरचे, पण भाऊबीज अजून सावनेरलाच. पूर्वी इतवारी स्टेशनावरून छिंदवाड्याकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी होती. फराळाचे डबे मांडीवर घेऊन आम्ही जात असू. ती गेली, आता रुंद रूळ आले. असो. माझ्या भाच्यांची लग्ने झाली. राहिली ती पुतणी. शिकलेली, कमावती. तिने स्वतःच एक मुलगा पसंत केला होता, आणि पाडव्याला तो आईवडिलांसह रीतसर घरी आला. मुलगा मोकळा, हसरा. हातात सुक्या मेव्याचा डबा आणि सोनेरी कागदात गुंडाळलेली नाशिकची वाईन.

त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. त्याच्या कचेरीत दिवाळीला साहेब लोक एकमेकांना अशीच बाटली देतात म्हणे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षांच्या वाईनसाठी खास धोरण आखल्यापासून नाशिकची वाईन देशभर गेली. २०२२ च्या जानेवारीत ती मोठ्या दुकानांतून विकू द्यायचे ठरले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता ते तुम्हांला आठवत असेल. एका पक्षाला ती शेतकऱ्याची द्राक्षे दिसत होती, दुसऱ्याला सुधाकर दिसत होता.

आमच्या बैठकीत तेव्हा फक्त शांतता दिसत होती. भाऊ चष्मा पुसू लागला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, ‘ताई, १९४९ चा कायदा अजून आहे बरं का. बाळगायला परवाना लागतो.’ वहिनींनी बाटली दोन बोटांनी उचलली, ‘वा, छान!’ म्हणाल्या आणि आत जाऊन लोणच्याच्या बरणीमागे ठेवून आल्या. पुढे सांबारवडी झाली, वडाभात झाला, आंबिया बहाराची पहिली, अजून जरा हिरवी संत्री सोलून झाली. पाहुणे गेले.

रात्री पुतणी माझ्या खोलीत आली. ‘आत्या, आई दुपारपासून बोलत नाहीये. तो वर्षातून चारदा घेतो, त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलंय. तुझं काय म्हणणं?’

मलाही ती आत्याच म्हणते. हा शब्द ऐकला की मी हल्ली जरा सावरून बसते. तिला मी आमच्या आत्याची परीक्षा सांगितली. कोणत्याही घरी मुलगी द्यायची निघाली की ती एकच चौकशी करायला सांगे: त्या घरच्या दूधवाल्याची उधारी किती आहे? पिणाऱ्याच्या घरात आधी दूधवाला थकतो, मग किराणावाला, सावकार सर्वांत शेवटी.

पुतणी हसू लागली. ‘अगं, आता दूध पिशवीत येतं आणि पैसे फोनवरून जातात. उधारी कोणाला विचारू?’

‘मग त्यालाच विचार.’

‘काय विचारू?’

हे मला चटकन सुचले नाही. ती मात्र उठली, गच्चीवर गेली, आणि अर्ध्या तासाने खाली आली. डोळे जरा ओले होते, चेहरा शांत होता. त्याचे काका पिऊन गेले, हे त्याने तिला त्या रात्री पहिल्यांदा सांगितले. म्हणून तो मोजतो. म्हणून चार.

‘मी म्हटलं, पाचव्यांदा घेतलीस तर सांगशील?’

‘काय म्हणाला?’

‘आधी गप्प बसला. मग म्हणाला, सांगायला लाज वाटेल, पण सांगेन.’

एवढ्यावर लग्न ठरवावे का? माझ्या वडिलांनी ठरवले नसते. वहिनींनी दोन दिवस घेतले. भाऊबीजेला सकाळी त्यांनी आत्याच्याच लोखंडी झाऱ्याने अनारसे तळले. चार हसले. पुतणीने ते वाटीत गोळा करून चमच्याने खाल्ले. संध्याकाळी वहिनींनी मुलाच्या आईला फोन केला आणि वाईनविषयी चकार शब्द न काढता कार्यालयांच्या तारखा विचारल्या.

बाटली अजून लोणच्याच्या बरणीमागे उभी आहे. असली साधी वाईन दोन-तीन वर्षांत संपवायची असते, नंतर ती बिघडते, असे मुलाने परवा फोनवर बजावले. वहिनी म्हणाल्या, ‘बिघडू दे बापा, घाई काय आहे.’