देण्याआधीचा एक प्रश्न

कोलातिया हे रोमच्या शेजारचं एक लहानसं गाव. रोमचा राजा तार्क्विनियस प्रिस्कस याच्यापुढे ते हरलं, तेव्हा गावाचे वकील शरणागती द्यायला आले. लिव्ही या इतिहासकाराने तो प्रसंग नोंदवला आहे. वाचताना वाटतं, हे रणांगण आहे की खरेदीखताची नोंदणी? राजा एकेक प्रश्न विचारतो. तुम्हाला गावानेच पाठवलंय ना? हो. गावाचे लोक स्वतःचे मालक आहेत ना? आहेत. मग तिसरा, लांबलचक प्रश्न: माणसं, गाव, शेतं, पाणी, शिवेचे दगड, देवळं, अगदी भांडीकुंडीसुद्धा देता का? देतो. राजा म्हणतो, घेतलं. संपलं.

मी दर वेळी अडकतो तो दुसऱ्या प्रश्नाशी. हरलेल्याला ‘तू तुझा मालक आहेस का’ असं विचारायचं कशाला? पण विचार केला की पटतं. जे आपलं नाही ते देता येत नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन कोणी विकू शकतं का? म्हणजे गाव सगळं गमावतं त्याच क्षणी, एका श्वासापुरतं, रोम कबूल करतो की आत्तापर्यंत तुम्ही स्वतंत्र होतात.

हा संवाद जसाच्या तसा झाला असेल यावर मात्र फार विसंबू नये. लिव्हीने तो राजाच्या काळानंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिला. पण रोमन शरणागतीचं दुसरं टोक धातूवर कोरलेलं सापडलं आहे. स्पेनमध्ये अल्कांतारा इथे 1983 मध्ये काशाचा एक पत्रा मिळाला. त्यावरचं साल निघतं इ.स.पू. 104. एका टोळीने लुसियस कायसियस या सेनापतीपुढे शरणागती पत्करली. टोळीने पकडलेली माणसं, घोडे आणि घोड्या त्याने परत करायला लावल्या, आणि मग शेतं, घरं, कायदे, शरण येण्याआधी जे जे त्यांचं होतं ते सगळं त्यांना परत दिलं. पुढे एक शेपूट आहे: रोमन जनतेची आणि सिनेटची इच्छा असेपर्यंत. गंमत म्हणजे पत्रा नेमका टोळीच्या नावावर तुटला आहे. कोणाला काय परत मिळालं याची यादी शिल्लक, त्या लोकांचं नाव मात्र अर्धंच.

रोमन लोक या व्यवहाराला ‘देदितिओ इन फिदेम’ म्हणत. फिदेस म्हणजे विश्वास, शब्द, भरवसा. मराठीत मला याच्या सगळ्यात जवळ वाटतं ते ‘पदरात घ्या’. पदर ज्याचा, त्याची मर्जी. हे न कळल्यामुळे एकदा मोठा घोळ झाला. इ.स.पू. 191 मध्ये ग्रीसमधल्या एटोलियन लोकांनी मानियस अकिलियस ग्लाब्रिओ या कॉन्सलपुढे स्वतःला रोमच्या ‘विश्वासा’वर सोपवलं. ग्रीक भाषेत विश्वासाला ‘पिस्तिस’; त्यांना वाटलं, या शब्दाने आपल्याला थोडी सवलत मिळेल. ग्लाब्रिओने लगेच अमुक अमुक माणसं हवाली करा म्हणून हुकूम सोडला. त्यांचा म्होरक्या फाइनियास म्हणाला, हे न्यायाचं नाही आणि ग्रीक रीतीचंही नाही. ग्लाब्रिओ भडकला. स्वतःला सोपवून बसलात आणि वर आम्हाला ग्रीक रीत शिकवता? त्याने साखळ्या आणि गळ्यात अडकवायची लोखंडी कडी मागवली. वकील थिजून उभे राहिले. शेवटी ग्लाब्रिओच्याच अधिकाऱ्यांनी मध्ये पडून त्याला थोपवलं. ही हकिगत पॉलिबियसने सांगितली आहे. तो स्वतः ग्रीक, पुढे ओलीस म्हणून रोमला नेला गेलेला. दोन्ही शब्दांची चव त्याच्या जिभेवर होती.

वेळही महत्त्वाची. तट फोडायचा ओंडका भिंतीला लागण्याआधी शरण आलात तर वाचाल, असं सीझरने इ.स.पू. 57 मध्ये आदुआतुकी टोळीला कळवलं. त्यांनी तटावरून इतकी शस्त्रं खाली टाकली की ढीग जवळजवळ तटाच्या उंचीला आला. एक तृतीयांश शस्त्रं मात्र लपवली आणि त्याच रात्री हल्ला केला. सीझरच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी 53,000 माणसं विकली गेली.

रोमनांना स्वतःलाही वाकावं लागलं आहे. इ.स.पू. 321 मध्ये कॉडियमच्या खिंडीत साम्नाइट लोकांनी त्यांची अख्खी फौज कोंडली. दोन भाले उभे, त्यांवर तिसरा आडवा. त्याखालून अंगावर एकेका वस्त्रानिशी सगळ्यांना वाकून जावं लागलं, कॉन्सल सर्वांच्या आधी. ते भाले म्हणजे बैलाचं जू. लॅटिनमध्ये जुवाला ‘युगुम’ म्हणतात, संस्कृतात ‘युग’, आणि आपलं ‘जू’ हे त्या ‘युगा’चंच झिजलेलं रूप. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो अपमान आपल्या गोठ्यातल्या शब्दाने सांगता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

हरलेल्याने जनावर होणं हे तर जागोजाग दिसतं. आपल्याकडे दाती तृण धरायचं: मी गाय, मला मारू नका. अकराव्या शतकात आंजूच्या काउंट फुल्कने बंडखोर मुलाला पाठीवर खोगीर घेऊन कित्येक मैल चालत यायला लावलं, असं माल्म्सबरीचा विल्यम सांगतो. मुलगा घोडा झाला, बाप खूश.

मध्ययुगात याचा रीतसर खेळ उभा राहिला. 1001 मध्ये तिवोली गावाने तरुण सम्राट तिसऱ्या ओटोविरुद्ध बंड केलं. मग गावचे प्रतिष्ठित लोक फक्त लंगोट लावून त्याच्या वाड्यावर आले. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात छडी. मान उडवायची तर ही तलवार, फटके द्यायचे तर ही छडी, तट पाडायचा तर तोही आम्हीच पाडू. सम्राटाने माफ केलं. अंगावर काटा येतो, पण त्याआधी पोप आणि बिशप बर्नवार्ड गावात जाऊन बोलणी करून आले होते. गेर्ड आल्थोफ हा जर्मन इतिहासकार म्हणतो ते हेच: असे देखावे बहुधा आधी ठरलेले असत. मला त्यामुळे ते खोटे वाटत नाहीत. लग्नही आधी ठरलेलंच असतं, तरी अंतरपाट धरतातच.

1347 मध्ये अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर कॅलेचे सहा नागरिक गळ्यात दोर आणि हातात किल्ल्या घेऊन इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डपुढे गेले, आणि राणी फिलिपाच्या विनवणीने वाचले, ही कथा रोदँच्या शिल्पामुळे जगभर गेली. तीही याच खेळाची असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

पण हा खेळ एकाच शहराशी दोनदा होत नसे. मिलानने 1158 मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसापुढे गळ्याशी तलवारी लावून, अनवाणी शरणागती दिली, शहर वाचलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा उलटलं. मार्च 1162 मध्ये लोक परत आले, हातात क्रूस आणि गळ्यात दोर घेऊन. शहराचा अभिमान असलेला, बैलांनी ओढायचा झेंड्याचा गाडा ‘कारोच्चो’ आणला गेला, त्याची डोलकाठी सम्राटापुढे जमिनीपर्यंत वाकवली. बघणारे सरदारही रडले. सम्राटाचा चेहरा दगडासारखा राहिला, असं तिथे हजर असलेला त्याचा लेखनिक बुर्कहार्ड लिहितो. मग लोक सम्राज्ञीकडे वळले. भेट मिळेना, तेव्हा त्यांनी हातातले क्रूस तिच्या खिडकीच्या जाळीतून आत टाकले.

जीव वाचले. शहर पाडायचं काम मात्र सम्राटाने लोदी, क्रेमोना, पाविया, कोमो अशा शेजारच्या वैरी शहरांना भागाभागाने वाटून दिलं.